धुरपताबाईची विल्हेवाट

आमच्या गोदामात झाडू मारायला आजवर बऱ्याच बायका येऊन गेल्या, पण झाडून काढलेला केर सुपात घेऊन पाखडणारी एकच निघाली. पहिल्याच दिवशी मी हिशोबाच्या टेबलावरून मान वर केली, तर धुरपताबाई मागच्या दारात उकिडवी बसून केर पाखडत होती. मला वाटलं, हिचं कानातलं वगैरे पडलं असेल.

"काय हरवलं, बाई?"

"हरवलं नाई. पोत्याखाली दाळ सांडली व्हती, थे काढून राह्यली."

घुग्घुसचा केर काय चीज आहे ते इथं राहणाऱ्यालाच ठाऊक. खाणीतून येणाऱ्या ट्रकांची काळी धूळ, त्यावर सिमेंटची करडी धूळ. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. त्या केरातून ही बाई तुरीची डाळ वेगळी करणार, पाण्यानं धुणार आणि पदराला बांधून घरी नेणार! मला तर किळसच आली होती, खोटं कशाला बोलू.

गोदाम माझ्या मामांचं, रईसमामूंचं. बिस्किटं, शेवया, फरसाण, डाळी, पिठं, मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी असा कंपन्यांचा माल आमच्याकडे उतरतो आणि इथून आसपासच्या दुकानांत जातो. मी बी.कॉम. झाल्यापासून तिथला हिशोब आणि फोनाफोनी बघते. मामू तिला चिडवायचे, "बाई, पगार मी झाडायचा देतो. वेचायचा कोण देते?"

"झाडून त झालं ना मालक," ती म्हणायची, "वेचाचं माह्या घरचं काम हाय."

धुरपताबाई सिंदेवाहीकडच्या धानाच्या गावातली. धान कापून नेलं की बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, ज्या लोंब्या गळून पडतात, त्यांना सरवा म्हणतात, आणि तो वेचायला लहानपणी ती आईच्या मागं वाकून फिरायची. तेव्हापासून तिची नजर खालीच राहिली असावी. नवरा पोचू कोळशाच्या सायडिंगवर कामाला लागला, तसे दोघं घुग्घुसला आले. मूलबाळ नाही. रेल्वेच्या पलीकडे पत्र्याच्या खोल्यांची वस्ती आहे, तिथं राहतात. पोचू दिवसभर कोळसा उपसून आल्यावर शब्द बोलत नाही, आणि त्याच्या वाट्याचंही धुरपताबाई बोलते.

काम करता करता ती मला तिच्या गावातल्या चुरण्याच्या गोष्टी सांगायची. धान चुरून झालं, म्हणजे मळून झालं, की तिची सासू खळ्यात मधोमध उभी राहायची आणि सगळ्याची विल्हे लावायची. हा शब्द मी तिच्याच तोंडून पहिल्यांदा इतक्या प्रेमानं ऐकला. चांगलं धान ढोलीत. बियाण्याचं वेगळ्या गाडग्यात. कणी पेजेसाठी, कोंडा कोंबड्यांना, तणीस बैलांना. माहेरी आलेल्या लेकीचं एक गाठोडं. आणि शेवटी खळ्यात जे मातीत मिसळून राहायचं, ते पाखरांचं.

"सगळ्याची विल्हे लागल्याशिवाय म्हातारी पाणी नाई प्याची," धुरपताबाई सांगायची. तिच्या लहान नणंदेचं लग्न ठरलं तेव्हाही सासू म्हणाली होती, चला, हिचीही विल्हे लागली. म्हणजे जिथं शोभेल तिथं पोचली.

आता यात पुढं काय वाढून ठेवलं होतं, ते मला कुठं माहीत!

मुदत संपलेला माल दुकानदार आम्हाला परत करतात. आम्ही तो मागच्या खोलीत वेगळा ठेवतो, आणि पूर्वी कंपनीची गाडी येऊन तो घेऊन जायची. मागच्या वर्षी गाडी बंद झाली. कंपनीचा माणूस धनराज यानं फोनवर निरोप पाठवला. "मुदतबाह्य मालाची आपल्या स्तरावर योग्य विल्हेवाट लावावी व तसे कळवावे." बस, एवढंच. ही असली मराठी लिहिणारे लोक घरी बायकोशी कसे बोलतात देव जाणे.

त्याच आठवड्यात मामूंच्या मुलीचं, रुबीनाचं, लग्न चंद्रपूरला होतं. आम्ही सगळे निघालो होतो, गाडी दारात उभी, मेहंदी ओली. गोदामाची किल्ली धुरपताबाईच्या हातात देताना मी तो निरोप तिला वाचून दाखवला आणि म्हटलं, "मागच्या खोलीतल्या सगळ्या मालाची विल्हेवाट लावायची आहे. आम्ही येईपर्यंत होईल?"

तिचा चेहरा असा उजळला! "सगळ्याची? माह्या मनानं?"

"तुमच्या मनानं," मी म्हटलं, कारण गाडीचा हॉर्न वाजत होता.

लग्न झकास झालं. वलीम्याला, म्हणजे नवऱ्याकडच्या जेवणाला, बिर्याणीच्या दोन देगा उरल्या, तर मामू नवी शेरवानी घातलेली असताना स्वतः टेम्पोत बसून त्या जवळच्या झोपड्यांत वाटून आले. शिजवलेलं उरलं की मामूंचा जीव तुटतो. पाकिटातलं उरलं की मात्र तो नुसता माल असतो. हा फरक तेव्हा माझ्याही डोक्यात आला नव्हता.

परत आले तर मागची खोली लख्ख. फरशी धुतलेली, कोपऱ्यात फक्त रिकामी खोकी घडी करून ठेवलेली. मी खूश झाले. धुरपताबाई दारात हात पुसत उभी होती, आणि तिचा चेहरा लग्नघरच्या यजमानीणबाईचा होता.

"सगळ्याची विल्हे लावली, अदीबाबाई."

"वा! खड्डा कुठं खणला?"

"खड्डा कायचा?"

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे. बाहेरून एक ट्रक गेला आणि पत्रे थरथरले.

"बाई," मी हळूच विचारलं, "तो माल कुठं आहे?"

तिनं सांगायला सुरुवात केली आणि मी खुर्चीत बसले. बिस्किटं रस्त्याच्या कडेला दिवसदिवस रांगेत थांबणाऱ्या ट्रकवाल्यांना, कारण त्यांना चुलीची सोय नाही. शेवया वस्तीतल्या म्हाताऱ्यांना, कारण त्यांना चाववत नाही. फरसाण पोचूच्या पाळीवाल्यांना. पिठाला थोडा वास होता, म्हणून ते माणसांना दिलंच नाही, गाईंना घातलं. आणि चॉकलेटी पावडरीचे डबे ज्या घरी पोरं आहेत त्यांना.

"नुसतं वाटलं नाई बाई," ती जरा दुखावून म्हणाली, माझा चेहरा बघून. "एकेक पाकीट फोडून म्या आधी खाऊन पाह्यलं. म्या एक दिवस थांबली. मले काई झालं नाई, तवाच दुसऱ्याले देल्लं."

मी कपाळावर हात मारून घेतला. मुदत संपलेलं अन्न, आमच्या गोदामातलं, आमच्या नावाचे शिक्के असलेल्या खोक्यांतून, अख्ख्या वस्तीत! आणि या बाईनं त्याआधी ते स्वतःच्या पोटात घालून बघितलं होतं!

"धुरपताबाई, विल्हेवाट म्हणजे फेकायचं असते! फाडायचं, फिनाईल ओतायचं, पुरायचं!"

"फेकाचं?" ती म्हणाली. "मंग फेकाचं म्हनून काऊन नाई लिवलं?"

मी तिच्यावर ओरडले. मामूंना फोन केला, तेही ओरडले. "अदीबा, पागल झाली का तू! कोणी बीमार पडला तर लायसन जाईल. जा, एकेक पाकीट परत आण!"

स्कूटीवर मागे धुरपताबाईला बसवून मी निघाले. आपल्याच गोदामातला माल घरोघर परत मागत फिरणं काय असतं, ते मी त्या दुपारी शिकले. ट्रकवाले पांगले होते. पाळीवाल्यांनी फरसाण कधीच फस्त केलं होतं आणि वर ते मला विचारत होते, पुन्हा कधी येणार. एका आजोबांनी शेवयांचं पाकीट उशीखालून काढून दिलं. अजून फोडलं नव्हतं. ईदसाठी ठेवलं होतं, म्हणाले, नातू येणार आहे. मी ते पिशवीत टाकलं तेव्हा त्यांनी उशी पुन्हा सारखी केली. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

सगळे धडधाकट दिसत होते आणि माझा जीव जरा भांड्यात पडत होता. शेवटचं घर राहिलं ललिताचं. ललिता एटापल्लीकडची गोंड बाई, तिचा नवरा गाड्या भरण्याच्या कामावर. तिची मुलगी उर्वशी चार वर्षांची. अंगणवाडीत तिचं वजन कमी भरलं होतं. धुरपताबाई वाटेत मला मागून सांगत होती, "त्या डब्यावर तगड्या पोट्टीचं चित्र हाय नं बाई, म्हनून सगळ्यात पयला डबा म्या उर्वशीले देल्ला."

दार उघडंच होतं. उर्वशी चटईवर पडलेली. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. ललिता ओल्या फडक्यानं तिचे पाय पुसत होती आणि खोलीत जुलाबाचा वास होता.

"सकारपासून चालू हाय," ललिता म्हणाली. "पोटात पानी बी रायत नाई."

चुलीपाशी तो डबा होता. झाकण उघडं, चमचा आत. दूध परवडत नाही, म्हणून ललिता ती पावडर भाताच्या पेजेत कालवून देत होती, रोज सकाळ-संध्याकाळ, औषध देतात तशी वेळेवर.

मी धुरपताबाईकडे बघितलं. ती दारातच खाली बसली होती. म्हणाली, "म्या पोट्टीले जहर देल्लं का बाई?"

मला तिचा राग आला होता, भयंकर आला होता, आणि तो त्या एका वाक्यानं कुठल्या कुठे गेला. मी उर्वशीला उचललं. काय ते वजन! आमच्या गोदामातलं बिस्किटाचं एक खोकं याहून जड असतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी तारीख बघितली, आत हुंगलं, आणि म्हणाल्या, "यानं असेल, सांगता येत नाही. पाण्यानंही असेल. त्या वस्तीतली आणखी मुलं आलीत कालपासून, त्यांनी काही ही पावडर खाल्लेली नाही. तिकडची पाइपलाइन फुटली आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण तुम्ही असं वाटायला नको होतं."

तुम्ही, म्हणजे मी. बरोबरच होतं.

धुरपताबाई पलंगाच्या पायथ्याशी फरशीवर बसून राहिली. पोचूनं डबा आणला तर जेवली नाही. मी बाकावर बसून फोनवर शोधत होते की आता आमचं काय होणार. कायदा सापडला. मुदत संपल्यावर पुरवलेल्या अन्नाला घाऊक व्यापारी आणि वितरक जबाबदार असतो, २००६ चा अन्नसुरक्षा कायदा सरळ म्हणतो. मी घाबरून आणखी खाली वाचत गेले. आणि तिथं दुसरंच काही सापडलं.

केंद्राचा नियम होता, २०१९ चा, पुढच्या वर्षापासून लागू झालेला. उरलेलं चांगलं अन्न फेकण्याऐवजी गरजूंपर्यंत कसं पोचवावं, याचाच नियम. शिजवलेलंही आणि पाकिटातलंही. मुदत शिल्लक हवी. नीट ठेवलेलं हवं. वर 'विक्रीसाठी नाही' असं लिहिलेलं हवं. वाटणारी संस्था नोंदवलेली हवी. द्याच, अशी सक्ती नव्हती. पण द्यायचं असेल तर हा रस्ता, असं देशानं चक्क छापून ठेवलं होतं. धुरपताबाईनं जे केलं ते करायला परवानगी होती! फक्त तारखेच्या आधी.

मी वाचून सुन्न झाले. इतकी वर्षं मी या धंद्यात बसले आहे, आणि हे मला पाइपलाइन फुटली म्हणून कळावं?

लगेच आठवलं, त्याच चॉकलेटी पावडरीचे डबे गोदामाच्या पुढच्या मांडणीवर उभे आहेत. त्यांची मुदत संपायला अजून महिनाभर होता. उन्हाळा लागला होता, दुकानदार ती पावडर घेत नव्हते, आणि ते विकले जाणार नाहीत हे मलाही ठाऊक होतं. बाहेर येऊन मी धनराजला फोन लावला.

"धनराजभाऊ, ते डबे आत्ताच वाटून टाकू का? कायद्यात बसते. संस्था मी शोधते."

"बसते ना मॅडम," तो हसत म्हणाला. चांगला माणूस आहे तसा. "पण कंपनीत नाई बसत. एक्सपायर झाला तर त्या मालाचा क्लेम भेटते तुम्हाले. वाटून टाकला तर काहीच नाई. रईसभाऊले विचारा."

"म्हणजे खराब होईपर्यंत ठेवायचं?"

"खराब नाई हो, एक्सपायर. मंग व्हिडिओ काढून नष्ट कराचं. आता व्हिडिओ लागते."

मामूंना विचारलं. वलीम्याच्या देगा घेऊन धावणारे हेच माझे मामू! तेही म्हणाले, "बेटा, मी एकट्यानं कुठून भरून काढू? आणि संस्था आहे का इथं?" संस्था मला सापडली होती ती नागपुरात. तिथल्या बाई खूप गोड बोलल्या. घुग्घुसला गाडी पाठवणं त्यांना जमणार नव्हतं.

मी आत येऊन हे सगळं धुरपताबाईला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, कुणाला तरी सांगायचं होतं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चांगला हाय तवा देऊ नये, आन् मेला का फेकावं?"

"तसंच काहीसं."

"आन् हे सगळ्याईले मालूम हाय?"

"हो."

ती पुन्हा उर्वशीच्या सलाईनकडे बघत बसली.

उर्वशी बरी झाली. घरी जाताना ती पोचूच्या खांद्यावर बसून केळं खात होती, आणि मी रस्त्यात उभी राहून रडले, काय लपवायचं त्यात. कुणी तक्रार केली नाही. मामूंनी धुरपताबाईला कामावरून काढलं नाही, बोभाटा नको म्हणून असेल, किंवा त्यांनाही वाईट वाटलं असेल. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की आता माल नष्ट करताना तीच करेल आणि मी व्हिडिओ काढेन.

परत आणलेली पाकिटं आधी नष्ट केली. आजोबांच्या शेवया त्यात होत्या. आणि पुढं महिनाभरानं त्या पावडरीच्या डब्यांची तारीख उलटली. त्या दिवशी धनराजनं आठवणीनं फोन केला. गोदामामागं खड्डा खणला. धुरपताबाई एकेक डबा उघडायची, सील फाडायची आणि खड्ड्यात उपडा करायची. चॉकलेटचा काय घमघमाट सुटला होता! पलीकडच्या भिंतीवर वस्तीतली पोरं येऊन बसली. मग तिनं फिनाईलची बाटली उलटी केली, आणि पोरं नाक दाबून पळाली. मी मोबाईल धरून होते. व्हिडिओत तिचे हात दिसतात, चेहरा दिसत नाही. व्हिडिओ पाठवला, धनराजनं अंगठा दाखवला, क्लेम मंजूर झाला.

मला वाटलं होतं ती त्या दिवशी काहीतरी बोलेल. भांडेल, रडेल, काम सोडेल. तिनं हातपाय धुतले आणि घरी गेली.

परवा दुपारी तुरीच्या डाळीचं एक पोतं उतरवताना फाटलं. बरीच डाळ सांडली, दोन घरं सहज जेवली असती इतकी. धुरपताबाई झाडू घेऊन आली. मी हिशोबात डोकं घालून बसले होते आणि सुपाच्या आवाजाची वाट बघत होते. इतक्या दिवसांत त्या आवाजाची मला सवय झाली होती, त्याशिवाय दुपार दुपार वाटत नसे. आवाज आला नाही. मागे जाऊन बघते तर तिनं डाळ, धूळ, सुतळीचे तुकडे, सगळं एकत्र लोटून कचऱ्याच्या पिंपात भरलं होतं. सूप खिळ्याला टांगलेलं, त्यावर काळ्या धुळीचा थर. कधीपासून ते तसं आहे, मी पाहिलंच नव्हतं.

मला धक्काच बसला. मी पिंपात हात घातला. कोळशाच्या धुळीतून पिवळी डाळ ओंजळीत घेतली आणि बावळटासारखी तिच्यासमोर धरली. "बाई, हे काय? चांगली डाळ आहे ही!"

तिनं माझ्या हातांकडे बघितलं. पूर्वी जशी हसायची तशी हसली नाही. ओंजळीखाली पिंप सरकवलं आणि समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली,

"राहू द्या बाई. तिची विल्हेवाट लावली म्या."